पायांचं चिलखत

“बाई, पायाचं नोका कापू,” मुखरूभाऊ म्हणाले होते. दीड वर्षापूर्वीची, मार्चातली दुपार. मी हसले होते. ते हसणं कुत्सित नव्हतं, पण बी.एस्सी. झालेल्या बाईचं होतं. पदार्थविज्ञानात पहिला वर्ग, आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस आपल्याला वजनाचं शिकवायला लागला की येतं तसं. मुखरूभाऊंना मी कधी पाहिलेलं नाही, ते माझ्या कानात असतात. आमच्या मोबाइलवरच्या खेळात प्रत्येकाकडे एक यंत्र असतं, दोन पायांवर चालणारं, दुमजली घराएवढं, लोखंडी, आणि त्याच्या छातीत आपण बसलेले असतो. यंत्राचं वजन ठरलेलं. माझं पंचेचाळीस टन. त्यातच इंजिन, त्यातच तोफा, त्यातच चिलखत, त्यातच तापलेलं यंत्र निववणारे पंखे. एक वाढवायचं तर दुसऱ्यातून काढायचं, बाहेरून एक किलोही मिळत नाही. मी दोन्ही पायांचं चिलखत सोलून काढलं होतं, दीड-दीड टन, आणि ते तीनच्या तीन टन इंजिनात घातले होते. चौसष्टच्या जागी एक्क्याऐंशीचा वेग. “पायावर कोण मारतंय, भाऊ? सगळे छातीवरच मारतात,” मी म्हणाले. “सारे छातीवरच मारतेत,” ते म्हणाले, “पन ज्याले मारता येते, तो पायावर मारते.” तेवढ्यात त्यांच्याकडचा कोंबडा आरवला, भर दुपारी, आणि आमच्या खेळातली तिसरी, दिव्यानी, खिदळत म्हणाली, “भाऊ, तुमचा कोंबडा घड्याळ इकून आला का जी?” आणि पायांची गोष्ट तिथेच राहिली.

आज गुरुवार. पावणेदोन वाजले होते. मी ओट्याशी दोडक्याच्या शिरा काढत होते. चंद्रपुरातल्या तुकूममधलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलं तरी दुपारी बोटाला कोळशाचं काळं लागतं, त्यामुळे खिडकी लावलेली, आणि घरात त्या वेळी असते तशी दबकी शांतता. माझी मुलगी, रिंकू, झोपायला हवी होती. अडीच वर्षांची आहे. मी कान तिकडेच ठेवून होते, मी नेहमीच ठेवते. आणि मागून आवाज आला. टप्. मग घस्. मग टप्. मग लांबट घस्. फरशीवरून काहीतरी एका पायानं चालत होतं आणि दुसरा ओढत होतं. मी वळले नाही. सुरी हातात तशीच, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी तो दोन वर्षं ऐकत होते. खेळ संपल्यावर मुखरूभाऊ “चला मंग, उठतो” म्हणायचे आणि माइक बंद करायच्या आधी हाच आवाज यायचा. टप्, घस्, टप्, घस्, दूर जाणारा. मला ते फॅनचं वाटायचं. बाजेचं. त्यांच्या घरासमोरच्या हातपंपाचं. मी वळले तेव्हा रिंकू एका पायात माझ्या नवऱ्याची, आदेशची, चप्पल घालून उभी होती, दुसरा पाय उघडा, आणि एवढी खूश की जणू तिनं चालण्याचा शोध लावलाय. “बाबा,” ती म्हणाली. मी खाली बसले. मुखरूभाऊंचा एक पाय चालत नाही, हे मला आज कळलं, त्यांचा आवाज बंद होऊन नऊ दिवस झाल्यावर.

स्वतःला मी सावध बाई समजते. सगळेच समजतात, सासूबाई तर टोमणा मारायच्या, “हिले मांजराचे कान हायेत.” रिंकू झाली तेव्हा तीन महिने मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे, श्वास बोटाला लागतो की नाही ते बघत. आदेशची वीज केंद्रात पाळी, तो यायचा तेव्हा मी बोट धरून बसलेलीच. “अवो, ते पोट्टी काय मिनिटामिनिटाले इसरते का श्वास घ्याचा?” तो म्हणायचा, आणि मी रडायचे. मग त्यानंच आपला जुना, काच तडकलेला मोबाइल मला दिला. त्यात हा खेळ होता. तो कंटाळून सोडून गेला होता. “घे, डोकं गुंतव कुठीतरी.” रिंकू दीड ते तीन झोपायची. मी एक बोट तिच्याशी आणि एक बोट पडद्यावर ठेवून खेळायला लागले. पहिल्यापासून मला वेग हवा होता. बाकी लोक मोठ्या तोफा लावतात आणि मरतात. मला वेग पळून जायला नको होता, परत यायला हवा होता. कुठेही गेले तरी परत पोचायला किती सेकंद लागतील, एवढंच माझ्या मनात असायचं. दूध आणायला खाली गेले तरी मी पायऱ्या मोजते. म्हणून पायांतून तीन टन. मुखरूभाऊंनी दुसऱ्यांदा विचारलं, “बाई, एवढं पळून कुठी जाऊन राह्यल्या?” तेव्हा मी म्हणाले, “परत येऊन राह्यले, भाऊ.”  ते म्हणाले, “बरं आहे.”

पण खरं सांगायचं तर, मला ते जमत होतं. मनापासून सांगते, यात नम्रता आणू शकत नाही. मला ते फार चांगलं जमत होतं. कॉलेजात जे जमलं ते कागदावर जमलं, नंतर त्याचं काही झालं नाही. लग्न झालं, चंद्रपूर झालं, रिंकू झाली. आणि इथे या तडकलेल्या काचेत मला दिसलं की यंत्र जुळवायला बसलं की माझे हात चुकत नाहीत. ती विद्या मला कॉलेजात मिळाली नव्हती. ती मूलला, माझ्या माहेरच्या गावी, मिळाली होती. माझे वडील, बापूजी, दरसाल धान काढलं की बंडीत, म्हणजे बैलगाडीत, पोती भरून राइस मिलला न्यायचे, आणि मी सहा वर्षांची असल्यापासून बंडी भरताना जूजवळ उभी असायचे. पोती मागं जास्त झाली की बंडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झाली की सगळा भार मानेवर येतो आणि बैल दोन कोसांत बसतो. बापूजी पोतं ठेवायचे आणि मला विचारायचे, “पाह्य बरं, जू काय म्हणते?” मी जुवाखाली तळवा लावायची. वर उचलायचं असतं पण उचलत नाही, खाली यायचं असतं पण येत नाही, अशी एक जागा येते. तळव्याला कळते. “जमलं,” मी म्हणायची. तेव्हाच शेवटचं पोतं बांधलं जायचं. गावातले लोक बापूजींना म्हणायचे, पोरीच्या हातावर कायले इसंबता? बापूजी म्हणायचे, “तुमच्या बंड्या पाह्यतो ना रस्त्यात.” यंत्र जुळवताना मी तळवा लावते, एवढंच. इंजिन वाढवताना वजन सारखं वाढत नाही. पहिले दहा किलोमीटर स्वस्त पडतात, पुढचे दहा महाग, त्यापुढचे परवडत नाहीत. ती जागा येते तिथे थांबायचं. तोफांचंही तेच. तोफ वजनानं जेवढी मारते तेवढीच उष्णतेनंही मारते, आणि ती मारणाऱ्यालाच. फार डागल्या तर यंत्र तापून आपोआप बंद पडतं आणि शत्रूसमोर खांबासारखं उभं राहतं. बाकी ठिकाणच्या खेळाडूंना हे शिकायला महिने लागतात. चंद्रपूरच्या बाईला मे महिन्यात गॅससमोर उभं राहून कधी थांबायचं ते ठाऊक असतं. मुखरूभाऊ त्यांच्या धंद्यातून त्याच जागी आले होते. “मोटार जोरानं नाई जळत, बाई. गरमीनं जळते. लोक म्हणतेत जोर कमी पडला. जोर नाई, दम घेऊ दिला नाई तिले.”

आम्ही तिघं कशी जमलो ते आता नीट आठवत नाही. खेळच लोकांना एकत्र टाकतो आणि आवाज आवडला तर माणसं राहतात. दिव्यानी बावीस वर्षांची, मूलकडच्या एका तलावाच्या गावची. घरची मासेमारी, सकाळी बाजारात मासळी घेऊन बसते आणि दुपारी जाळी वाळत घातली की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येते, कारण रेंज तिथेच असते. तिच्या यंत्राला ती भिंगरी म्हणते. मुखरूभाऊ त्यांच्याला हल्या म्हणायचे, म्हणजे रेडा. माझ्याला त्यांनीच नाव दिलं, टिटवी. “अंडे जमिनीवर अन् बोंबा आभायात,” ते म्हणाले, आणि मी रागावले आणि ते नाव मला इतकं आवडलं की मी ते यंत्राच्या छातीवर लिहून घेतलं. तेव्हा आमच्यात एक चौथा होता. त्यानं एकदा दिव्यानीला पूर्ण नाव विचारलं, आणि तिनं भाबडेपणानं सांगितलं, आडनाव, गाव, सगळं. दुसऱ्या दिवसापासून ती आली की तो म्हणायचा, “कशाचा वास येऊन राह्यला रे?” दिव्यानी पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदाही हसली. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही, तिच्याकडून नुसता तलावावरचा वारा ऐकू येत होता. मी त्याला त्या मिनिटाला काढून टाकलं.  आणि नियम केला: आपल्यात आडनाव नाही. गाव नाही. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. आपल्याकडे आडनाव सांगितलं की माणूस संपतो आणि त्याच्या जागी त्याचं आडनाव बसतं. इथे फक्त नाव आणि टन. मुखरूभाऊ म्हणाले, “हे बेस केलं, बाई.” त्या नियमाचा मला इतका अभिमान होता की मी तो आदेशला जेवताना सांगितला, आईला फोनवर सांगितला, बापूजींना तर दोनदा.

मग स्पर्धा आली. तिघांची टोळी, आणि तिघांचं मिळून वजन दीडशे टन, त्याहून एक किलो जास्त नाही. सगळ्या टोळ्या पन्नास-पन्नास-पन्नास आणत होत्या. मी आठवडाभर रिंकूला मांडीवर घेऊन वहीत आकडे मांडले. एका रात्रीत सुचलं असं काही नाही. एका दुपारी तळव्याला लागलं. तीन यंत्रं म्हणजे तीन बंड्या नव्हेत, ती एकच बंडी आहे. भार सारखा वाटायचा नसतो, आसावर आणायचा असतो. दिव्यानीला वीस टन, चिलखत नावापुरतं, वेग एकशे तीस. तिनं फक्त पाहायचं आणि सांगायचं. मला पंचेचाळीस. आणि उरलेले पंच्याऐंशी मुखरूभाऊंना. त्यांच्या इंजिनातून मी जेवढं काढता येईल तेवढं काढलं, वेग अठ्ठेचाळीस, आणि निघालेलं सगळं तोफांत आणि पंख्यांत घातलं. ते एकदा उभे राहिले की त्या जागेचे मालक. फक्त त्यांना मागं फिरता येणार नव्हतं. कोणी वळसा घालून आलं तर ते वेळेत वळू शकणार नव्हते. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी वही वाचल्यासारखं ऐकून घेतलं. “म्हणजे मी हलाचंच नाई,” ते म्हणाले. मी म्हणाले, “तुम्हाला चालेल ना, भाऊ?” “मले काय, मी आताई नाई हलत,” ते म्हणाले आणि हसले. दिव्यानी त्या वेळी हसली नव्हती. हे मला आज आठवतं.

सहा टोळ्या आम्ही हरवल्या. मोठ्या शहरांतली पोरं, पुण्याकडची, बेंगळुरूकडची, मोठ्या पडद्यांसमोर फिरत्या खुर्चीत बसून खेळणारी. त्यांच्यातला एक आम्हाला म्हणाला, “काकू, भाजी करपेल.” त्याला हल्यानं सात सेकंदांत झोपवलं. “करपली का नाई पाह्य,” मुखरूभाऊ म्हणाले. शेवटची फेरी अष्टमीच्या दुपारी आली. मुखरूभाऊंकडून, बंगाली वस्तीच्या त्या भागातून, ढाक ऐकू येत होता, ते बंगाली पूजेतले मोठे ढोल, एवढ्या जवळून की मांडव त्यांच्या दारासमोरच असावा. तीन डाव. पहिला आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. मध्ये पाच मिनिटं होती. आणि मुखरूभाऊ म्हणाले, “बाई, मी उठू का आता? ताप वाटून राह्यला. पायाले पत्रा लागला होता परवा, लाल झालं, वर चढून राह्यलं.” त्यांनी काही लपवलं नाही. हे असंच सांगितलं, या शब्दांत. दिव्यानी लगेच म्हणाली, “जाऊ द्या ना ताई, राहू द्या खेळ.” आणि मी, जी मुलीला शिंक आली तर थर्मामीटर काढते, ती म्हणाले, “भाऊ, एकच डाव. वीस मिनिटं. मग लगेच दवाखान्यात जा.”  मग ते म्हणाले, “बरं. बसतो.”

तो डाव मला क्षणाक्षणानं पाठ आहे. नदीचा नकाशा होता, दोन्ही बाजूंनी खडक, मध्ये उथळ पात्र. हल्याला मी पात्राच्या कडेला उभं केलं होतं. दिव्यानी भिरभिरत होती, “डाव्या अंगाले दोन, ताई, खडकामागं.” मी वेगात होते, एक्क्याऐंशी, मला कोणी धरू शकत नव्हतं, दोन गोळे माझ्या मागून गेले आणि मी हसत होते. तिसरा गोळा पायावर लागला. ज्याला मारता येतं तो आला होता. डावा पाय एका गोळ्यात गेला, तिथे चिलखत नव्हतंच. टिटवी गुडघ्यावर आली. वेग अकरा. समोर दोन यंत्रं, माझ्यापासून दोनशे मीटर. मी म्हणाले, “मी गेले, तुम्ही जागा सोडू नका.” आणि हल्या हलला. जो हलणार नाही असं मी हिशोबात धरलं होतं, तो माझ्याकडे निघाला, अठ्ठेचाळीसच्या वेगानं, म्हणजे अजिबात घाई न करता, पात्रातून सरळ. दिव्यानी ओरडली, “भाऊ, पाण्यातच राहा! पाण्यात गार राह्यते!” मासेवाल्याच्या पोरीचंच डोकं ते. ते गुडघाभर पाण्यात माझ्या पुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या तोफा एकदम सोडल्या, आणि तापमान लाल रेषेला जाऊन टेकलं, आणि पाण्यामुळे तिथेच थांबलं. पुन्हा सोडल्या. मी गुडघ्यावरून त्यांच्या खांद्याआडून मारत होते. मी सांगते, जू त्या क्षणी तळव्यावर होतं. वर जायचं होतं आणि जात नव्हतं. तिन्ही यंत्रांचं दीडशे टन वजन त्या एका जागी बरोबर बसलं होतं. वीस नव्हे, सव्वीस मिनिटं लागली. माझा पाय शाबूत असता तर पंधरात संपलं असतं, हे मी नंतर वहीत मांडून पाहिलं आहे. आम्ही जिंकलो. दिव्यानी पाळीवरून एवढी ओरडली की तिच्याकडे कुठल्या तरी म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं व? मी रिंकूला उचलून घेतलं, ती झोपेतून दचकली. “जमलं ना, बाई?” मुखरूभाऊ म्हणाले. “जमलं, भाऊ.” “मंग झालं तर. निजतो आता.” आणि मग तो आवाज. टप्. घस्. खूप वेळानं टप्. मग नुसता ढाक, आणि मग माइक बंद.

त्यानंतर त्यांच्या नावासमोरचा दिवा हिरवा झालेला नाही. पहिले दोन दिवस मला काही वाटलं नाही. मी जिंकल्याच्या नशेत होते, भांडी घासताना गुणगुणत होते. तिसऱ्या दिवशी मी स्वतःशी म्हणाले, दवाखान्यात गेले असतील. त्यांनी एकदा सांगितलं होतं की त्यांचं गाव मुलचेरा या तालुक्याच्या गावापासून पायी अर्धा तास. अर्धा तास काय, तापातही माणूस जातो. रोज दुपारी दोन वाजता राखाडी दिव्याकडे बघून मी त्या अर्ध्या तासावर विसंबून राहत होते. आज रिंकूच्या चपलेनं तो अर्धा तास काढून घेतला. कारण त्यांचं वाक्य एवढंच नव्हतं. पूर्ण वाक्य असं होतं, “मुलचेऱ्याहून आमचं गाव पायी अर्धा घंटा, पन मले दीड लागते.” मला वाटलं होतं, आळशी माणसाची गंमत. आणि ते एकटे राहतात, माय गेल्यापासून. हेही त्यांनीच सांगितलं होतं, मी विचारलं नव्हतं.

मी दोन वाजता दिव्यानीला बोलावलं आणि सांगितलं.  ती म्हणाली, “ताई, मले माहीत होतं. आमच्या काकाचा पाय तसाच होता, लहानपनी लुळा पडला. पह्यल्याच दिवशी ओळखलं मी. मले वाटलं तुमालेई माहीत असन, तुमी तर सारं ऐकता.” मी विचारलं, “मग बोलली काऊन नाहीस?” ती म्हणाली, “आपला नेम होता ना, इचाराचं नाई.” तिनं तिच्या परीनं शोध सुरू केलेला होता. बाजारात तिकडून मासळीचं बी घ्यायला येणाऱ्या माणसांना चार दिवसांपासून विचारत होती. मी मुलचेऱ्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा नंबर काढला. माणूस भला होता. “मोटार वाइंडिंगवाला मुखरू? आडनाव सांगा ना, ताई. मुखरू तं गावोगावी दोन-दोन हायेत.” मी म्हणाले, आडनाव माहीत नाही. “मंग गाव?” गाव माहीत नाही. “मंग तुमचे कोण लागते ते?” शेवटी त्यानंच हळूच फोन ठेवला. हल्याच्या डाव्या खांद्यावर चिलखत किती, हे मी त्याला अर्ध्या टनापर्यंत सांगू शकले असते.

आदेश संध्याकाळच्या पाळीला निघताना म्हणाला, “उद्या सकाळच्या बसनं निघा. पोरीले घेऊन जा, तुले सोडून राह्यणार नाई ते. जाऊन काय करशीन, गाव तं माहीत नाई?” मी म्हणाले, आवाज ऐकत जाईन. त्याला ते विनोदी वाटलं नाही, त्यानं रिंकूची पाण्याची बाटली भरून ठेवली. मूलला दिव्यानी चढेल. तिथून पुढं आष्टी, मग मुलचेरा, म्हणजे दुपार होणार. आज मी यंत्र उघडलं आणि पायांचं चिलखत परत चढवलं, दोन्हीकडे दीड-दीड. वेग चौसष्टवर आला. बघायला विचित्र वाटलं, पण टिटवी पहिल्यांदा जमिनीवर उभी असल्यासारखी दिसली. तो नियम मला अजूनही चूक वाटत नाही. मी तो पुन्हा करीन. फक्त आडनाव न विचारता माणसाला “पाय कसा आहे” हे विचारता येतं, एवढं मला सुचलं नाही. आणि अभिमान गेलेला नाही, हेही लिहून ठेवते. त्या पाण्यात उभ्या असलेल्या हल्याकडे मी आजही बघते आणि छाती भरून येते, आणि मग तिथेच काहीतरी टोचतं.

म्हणून हे लिहिते आहे. आम्ही उद्या दुपारपर्यंत पोचू, पण कुठल्या दारात पोचायचं ते आम्हाला ठाऊक नाही. तुम्ही त्या बाजूचे असाल तर आमच्या आधी पोचाल. मुलचेऱ्यापासून पायी अर्ध्या तासावरचं गाव. घराला टिनाचं छप्पर, जुलैत पाऊस आला की त्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही. समोर हातपंप आहे, तिसऱ्या दांड्याला किंचाळणारा. अष्टमीला दुर्गेचा मांडव दारापासून हाकेच्या अंतरावर होता, त्याचे बांबू अजून उभे असतील. मोटारी तिथेच दुरुस्त होतात, म्हणून दारात जळक्या व्हार्निशचा वास असेल, तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि एक कोंबडा, जो भर दुपारी आरवतो. आत मुखरूभाऊ आहेत. त्यांच्या पायाला जखम आहे आणि नऊ दिवसांपूर्वी ती लाल होऊन वर चढत होती. दारात उभं राहून हाक मारा. आवाज आला नाही तर लगेच परत फिरू नका, त्यांना उठायला वेळ लागतो. थांबा. कान द्या. आधी एक पाऊल ऐकू येईल, आणि मग बऱ्याच वेळानं, जमिनीवरून ओढत येणारं दुसरं. आणि तेही ऐकू आलं नाही, तर दार लोटून आत जा.